आजोबा पट्ट्याचा मान

फार वर्षांपूर्वी तारकर्लीच्या एका पाणबुड्याच्या टेबलाच्या खणात, घड्याळं आणि पट्ट्यांमध्ये, मोठ्यांना पहिला मान द्यायचा रिवाज होता. नवं घड्याळ म्हणालं, "मला समुद्रात उतरायचंय. रबरी पट्टा द्या. तो कुजत नाही, मनगटाला काचतही नाही."

"मला शिकवू नकोस!" जुना चामडी पट्टा खेकसला. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. "मी मोठमोठ्या साहेबांच्या मनगटावर लग्नांत मिरवलोय!"

पाणी त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. तरी सगळे माना खाली घालून बसले, रबरी पट्टासुद्धा. घड्याळाला आजोबाच चढले.

खोल पाण्यात आजोबा फुगले आणि शिवणीत फाटले. "आजोबा, धरा!" घड्याळ ओरडलं आणि तळाच्या काळोखात गेलं.

पाणबुड्याच्या मुठीतून एकटे आजोबाच परतले. खण हादरला.

आजोबांनी अंग वाळवलं. "हल्लीच्या घड्याळांना नीट धरून राहताच येत नाही," ते म्हणाले. "चला, पुढचं आणा."