सात हंड्यांची झळाळी

एका राज्यात, जिथल्या नदीला अद्याप नाव पडले नव्हते आणि पक्ष्यांना माणसांची भाषा अवगत होती, अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्याने एका मांत्रिकाचा पराभव केला आणि त्याच्या गुहेतले सात पितळी हंडे राजधानीत आणले. हंडे असे झळाळत, की त्यांच्या उजेडात दिव्यावाचून पोथी वाचता येई. संध्याकाळी त्यांत मूठभर पीठ आणि ओंजळभर ताक कालवून ठेवावे, तो सकाळी सातही हंडे अंबिलीने काठोकाठ भरलेले असत.

कल्हईकरांनी येऊन विचारले, "महाराज, पितळेला कल्हई करू ना?"

राजा म्हणाला, "सोन्यासारख्या अंगाला राख कशाला फासता?" आणि त्या दिवसापासून नगरात कल्हईचा भाता लावायचा नाही, असा हुकूम निघाला. लोकांनीही राजाचे पाहून आपापली भांडी बिनकल्हईची ठेवली. पण लोकांच्या घरी ताक मातीच्या मडक्यात असे, म्हणून त्यांना ते भोवले नाही.

राणी कुमुद्वती रोज सकाळी राजवाड्याच्या पायरीवर बसून नगरातल्या लेकरांना अंबील वाढी. पहिली पळी आपल्या पोटच्या लेकराला, मग इतरांना, अशी त्या घराण्याची रीत होती. जे राणीचे मूल पिते तेच आपले पिते, एवढे लोकांना दिसावे म्हणून.

तिसऱ्या वर्षी लेकरे आजारी पडू लागली. आधी मळमळ सुटे, मग अन्नावरची वासना जाई. पुढे पोटे नगाऱ्यासारखी फुगत, हातापायांच्या काड्या होत आणि डोळे हळदीसारखे पिवळे पडत. राजकन्या मधुलता गेली तेव्हा तिला सातवे वर्ष लागले होते. शेवटच्या सकाळीही तिने आईच्या हातची पळीभर अंबील घेतली, कारण दुसरे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हते.

राजवैद्य म्हणाला, "वारा दूषित झाला आहे." पुरोहित म्हणाला, "दृष्ट लागली आहे." राजाने दोघांचेही ऐकले, धूप जाळला, दृष्ट काढली. महिना लोटला आणि धाकट्या सुकेतूला आंघोळ घालताना राणीच्या हाताला त्याच्या बरगडीखाली काहीतरी टणक लागले. चार वर्षांचे ते पोर म्हणाले, "आई, दाबू नकोस." राणीने हात काढून घेतला. मधुलताही असेच म्हणाली होती.

त्याच दुपारी राणी एकटी वनात गेली. तिथे एका जुन्या शमीवर लाल डोळ्यांचा भारद्वाज राहत असे. तो पूर्वी त्या मांत्रिकाच्या पदरी होता.

"पक्षिराज, माझे मूल कशाने मरते आहे?" राणीने विचारले.

"मला उत्तर देण्याची मनाई आहे," भारद्वाज म्हणाला. "मी फक्त काम सांगू शकतो. आजारी घरचे आणि निरोगी घरचे पाणी आण."

"निरोगी घर नगरात उरलेले नाही."

"मग नगराबाहेर बघ. राण्यांना वेशीपलीकडे रस्ता आहे, हे ठाऊक नसते काय?"

वेशीबाहेर कुंभारांची वस्ती होती. तिथे येसू कुंभारीण चाकापाशी बसली होती आणि तिची तीन पोरे चिखलात लोळत होती. राणीने त्यांच्या पोटांकडे पाहिले, मग डोळ्यांकडे. डोळे पांढरेशुभ्र होते.

"बाई, तुमच्या घरचे घोटभर पाणी हवे आहे," राणी म्हणाली.

"राजवाड्यातले संपले वाटते," येसू म्हणाली. पण उठून तिने तांब्या भरून दिला.

पाणी एकाच नदीचे निघाले, नगराच्या वरच्या घाटाचेही आणि कुंभारांच्या खालच्या घाटाचेही. दोन्ही तांबे भारद्वाजापुढे ठेवून राणी म्हणाली, "पाणी दोन्ही घरांचे एकच. गढूळ पाण्याने लेकरे आजारी पडतात खरी. पण मग येसूचीही पडली असती. आजार पाण्यात नाही."

"आता दोन्ही घरच्या चुलींचा धूर आण."

राणीने पदरात धूर धरून आणला; त्या राज्यात तो धरता येई. येसूच्या घरचा धूर इतका दाट होता, की राणीचे डोळे चुरचुरले आणि तिला खोकल्याची उबळ आली.

"कुंभारांची पोरे खोकतात," ती म्हणाली, "धुराने खोकला धरतो. पोट त्याने फुगत नाही. आजार धुरात नाही."

"तिसरे काम. दोन्ही घरच्या लेकरांनी सकाळी पहिला घास कशाचा घेतला, ते विचारून ये."

राणी पुन्हा येसूच्या दारी गेली. येसूने चाक थांबवले नाही.

"नाचणीची अंबीलच की. मडक्यात आंबवलेली."

"मग राजवाड्याच्या पायरीवर का येत नाही?"

"राणीसाहेब, ओळ वेशीच्या आत लागते. आमची पोरे दोनदा आली होती. शिपायाने परत पाठवली, कुंभाराच्या पायांचा चिखल पायरीला लागतो म्हणून. तेव्हा मी फार रडले होते." येसूने प्रथमच मान वर करून पाहिले. "तुम्ही का रडता?"

राणी परतली ती थेट मुदपाकखान्यात. तिने पहिला हंडा कलता केला. आत, अंबिलीच्या रेषेवर, हिरवट कड धरली होती. तिने बोट लावून चाखले. अंबील कळकली होती, जिभेला धातूची तुरट चव लागली. रात्रभर आंबट पोटात धरून पितळेने आपले विष त्यात सोडले होते, आणि ते तिने तीन वर्षे पळीपळीने वाढले होते. सर्वांच्या आधी मधुलताला.

भारद्वाज खिडकीत येऊन बसला.

"आता मला बोलता येईल," तो म्हणाला. "कल्हईने विष थांबेल आणि झळाळीही झाकली जाईल. परंतु मांत्रिकाचा शाप असा आहे, की या हंड्यांनी काय केले हे सर्वांदेखत सांगितल्याखेरीज त्यांवर कथील चढणार नाही."

राजा अरिंदम हे ऐकून मुदपाकखान्यात आला आणि त्या हिरवट कडेवर त्याने बोट फिरवले. मग म्हणाला, "कल्हईकर बोलवा. सांगण्याचे मात्र राहू द्या, राणी. असे चव्हाट्यावर बोलायचे नसते."

"महाराज, चव्हाट्यावरच वाढले."

नदीपलीकडे जाऊन राहिलेला म्हातारा हैबती कल्हईकर आला. त्याने पायरीपुढे खड्डा खणला, भाता लावला, हंडे चिंचेने घासले, तापवले, नवसागर टाकला आणि कथलाची कांडी फिरवली. कथील पाण्याच्या थेंबांसारखे घरंगळून खाली पडले. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा पडले.

"तीस वर्षांत असे झाले नाही," तो म्हणाला.

नगरातले सारे आईबाप जमले होते. राणी पायरीवर उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता.

"तुमची लेकरे वाऱ्याने गेली नाहीत, दृष्टीनेही नाहीत. या हंड्यांतल्या अंबिलीने गेली. ती मी वाढली."

आणि तिने नावे घ्यायला आरंभ केला. गेलेल्या प्रत्येक लेकराचे नाव तिला पाठ होते, कारण प्रत्येकाची वाटी तिने भरली होती. नावे होत गेली तसतसे हैबतीच्या हातचे कथील धरत गेले. गर्दीत कोणी ओरडले नाही. एक बाई खाली बसली, एवढेच. सहा हंडे पांढरे झाले. एकच नाव उरले आणि ते राणीच्या तोंडून निघेना. सातवा हंडा विस्तवावर तसाच झळकत राहिला.

तेव्हा राजा राजवाड्याच्या ओट्यावरून उतरला.

"मधुलता," तो म्हणाला. "कल्हई नको, हा हुकूम माझा होता."

हैबतीने कापसाचा बोळा फिरवला. सातवा हंडा चांदण्यासारखा पांढरा झाला, आणि त्याबरोबर राजवाड्यातला तो पिवळा उजेड मावळला. शाप सरला. पण हंड्यांची करणीही सरली. त्या दिवसापासून अंबील रांधावी लागली. वेशीवरचा शिपाई हलवला. दर चौथ्या महिन्याला कल्हईचा नेम लागला. सुकेतूच्या बरगडीखालचा टणकपणा ओसरायला दीड वर्ष लागले. काही लेकरांचा ओसरला नाही.

शाप सरल्याच्या दुसऱ्या सकाळी राणी पळी घेऊन पायरीवर बसली. कोणी आले नाही. आठ दिवस कोणी आले नाही. अंबील रोज गाईंना घालावी लागली. राजा म्हणाला, "आता बसू नका." राणी म्हणाली, "मला दुसरीकडे कुठे बसता येत नाही."

नवव्या दिवशी एक बाई आली. त्या दिवशी गर्दीत खाली बसली होती, तीच. तिची दोन लेकरे नावांत होती. तिसरे कडेवर होते. तिने राणीला नमस्कार केला नाही.

"हंडा दाखवा," ती म्हणाली.

राणीने हंडा कलता केला. त्या बाईने आत हात घातला, कडेकडेने, तळापर्यंत बोट फिरवले आणि ते उजेडात धरून पाहिले. मग दुसरा हंडा पाहिला. सातही पाहिले. राणी प्रत्येक हंडा कलता करीत राहिली.

शेवटी त्या बाईने कडेवरचे मूल पायरीवर ठेवले आणि त्याच्या हातात वाटी दिली.

"अर्धीच घाला," ती म्हणाली. "उद्या पुन्हा बघून घेईन."