यादीला पडदा

"बारा आचारी यादी वाचत असले, तरी मी ती हवी तेव्हा बदलणार! सूर्य मावळायच्या आत तसा प्रोग्राम चालला नाही, तर नारबा, उद्या राजकन्येच्या वरातीपुढे तुझी गाढवावरून धिंड!"

झुंजारगडचे तुंगराज महाराज मुदपाकखान्याच्या दारात असे गरजले आणि नारबाला दरदरून घाम फुटला. राजवाड्यातले सगळे प्रोग्राम बिचारा तोच लिहायचा. मुदपाकखान्यात स्क्रीन बारा, पण मेमरीत जेवणाची यादी एकच! आणि प्रोग्राम चालू होण्याआधी त्याची झडती घेणारा कंपायलर काही केल्या सोडेना. 'यादी वाचायला उसनी दिली आहे. ती परत येईपर्यंत मालकालाही बदलता येणार नाही!' असं म्हणून हटून बसला.

"मग काढून टाका ना ती झडती!" दिवाणजी म्हणाले.

"नको हो!" थोरला आचारी किंचाळला. "गेल्या साली झडती नव्हती. मी वरच्या ओळीत 'बासुंदी' वाचलं, खालची कृतीची ओळ वाचेपर्यंत सरकारांनी तिथं रस्सा घातला. मी बासुंदीला लसणाची फोडणी दिली! पाहुणे ताटावरून उठले!"

"झडतीही राहील आणि माझी मर्जीही राहील!" महाराजांनी पाय आपटला.

आता काय करणार कपाळ! तेवढ्यात नारबाची धाकटी बहीण सगुणा फुलांची परडी घेऊन आली. गुरवाची पोर, देवीच्या देवळात वाढलेली, तोंडाची फटकळ.

"दादा, रडतोस काय? यादीला पडदा लाव! सरकार, देवीचं दर्शन एका वेळी किती जण घेतात?"

"शंभर घेतात!"

"आणि देवीला लुगडं नेसवताना?"

"तेव्हा पडदा! आत एकटा पुजारी."

"आपण आलात तर?"

"मीसुद्धा बाहेर... हात जोडून," महाराज ओशाळून म्हणाले.

"तस्संच करायचं! आचाऱ्यांनी एक पदार्थ कृतीसकट टिपून घेतला की पुढे चला, पुढे चला! यादीला चिकटून बसायचं नाही. समोर कुणी नसलं की पडदा पाडायचा, आत आपण एकटे. बदल झाला की पडदा वर!"

नारबानं भराभर बोटं चालवली. कंपायलरनं हूं की चूं केलं नाही!

महाराजांना काय आनंद! श्रीखंडाची जिलबी केली, जिलबीचे लाडू, लाडवांचं पुन्हा श्रीखंड, मग पुन्हा जिलबी. सतरा वेळा! चक्का बांधावा की पाक करावा, आचारी रडकुंडीला आले.

"शाब्बास पोरी! माग हवं ते!"

सगुणानं आचाऱ्यांची तोंडं पाहिली. "सरकार, उद्याची पंगत उठेपर्यंत ही यादी मला लिहायला उसनी द्या."

"एवढंच? दिली! बरं, आता ती जिलबी काढून..."

"हात मागे, सरकार! उसनी दिलेली यादी परत येईपर्यंत मालकालाही बदलता येत नाही. खोटं वाटत असेल तर कंपायलरला विचारा!"

महाराजांनी आ वासला. मग असे खदाखदा हसले की पगडी घरंगळत मुदपाकखान्यात गेली! बारा आचाऱ्यांनी बारा झारे वाजवले.

"राहू दे जिलबीच!" डोळे पुसत महाराजांनी गळ्यातला कंठा काढला आणि सगुणाच्या परडीत टाकला. "आणि हा उसना नाही हं, पोरी! हा कायमचा तुझा!"