वर आलेल्या माणसाची सही

आमच्या कोळसा खाणीत पाणी शिरलं, त्या दिवशी अकरा जण खाली गेल्याची नोंद हजेरीबुकात आहे. वर आल्याची नाही. पाणी झिरपतंय, हे त्यांनी मॅनेजरला दोनदा सांगितलं होतं.

एकवीस वर्षांनी निर्माते कुलभूषण सबनीस यांनी त्यावर चित्रपट काढला आणि वारसांना आधी दाखवला. ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली. मग मॅनेजरनं पाण्यात उडी घेऊन अकराही जण जिवंत वर काढले. मध्ये एक गाणंही झालं.

दिवे लागल्यावर सबनीसांनी सुगंधाबाई नगराळेंपुढे ना-हरकत पत्र धरलं. “बाई, मृताची पत्नी म्हणून इथं सही करा. तुम्हा लोकांच्या सह्यांवाचून ती पाटी अडलीय.”

“शेवट असा का केला?”

“प्रेक्षकांना रडत घरी पाठवायचं नसतं, बाई.”

सुगंधाबाईंनी पेन परत दिलं. “साहेब, तुमच्या सिनेमात माझा माणूस वर आला. मग मी मृताची बायको कशी? सही त्याचीच घ्या. अन् भेटला तर सांगा, घरी ये म्हणावं. एकवीस वर्षं झाली.”

बाकीच्या दहा घरांनीही कोरेच कागद परत केले.

चित्रपट लागला, चाललाही. पाटी तेवढी बदलली होती : ‘ही कथा पूर्णपणे काल्पनिक आहे.’ अख्ख्या चित्रपटात तेवढं एकच वाक्य खरं होतं.