आधी बुवांनी घ्यावी

"पण बुवा, तापावरची ही नवी लस किती वर्षं पुरेल, एवढं तरी कुणी सांगावं की नाही?"

मुरलीधर मास्तर विचारत होते. मठातले सगळ्यात शिकलेले शिष्य, चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेले. त्यांच्यापुढे आम्ही स्वयंपाकघरातली माणसं काय बोलणार? मी आपली भाजी चिरत ऐकत होते.

आमचे गुरू गहिनीबुवा म्हणाले, "नर्सबाईंना विचारलंस?"

"विचारलं. म्हणतात, आज तरी चांगली लागू पडतेय. दहा वर्षांनी काय, ते दहा वर्षांनीच कळेल."

"खरं बोलली बाई."

"हे काय उत्तर झालं?"

"मी मंत्र दिला, तेव्हा किती वर्षं पुरेल ते नाही विचारलंस. अन् दर गुरुपौर्णिमेला पुन्हा ऐकायला येतोस."

मास्तरांना ते झोंबलं.

नर्सबाई सकाळपासून लस घेऊन ओसरीवर बसून होत्या. अंगणात सगळं गाव उभं, पण पुढे कुणी होईना. पलीकडच्या वाडीत या तापानं आठ दिवसांत दोन लेकरं नेली होती. तरी कुणी हलेना.

आमच्या मठाची रीतच तशी. बुवांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी पानाला हात लावत नाही. लोक तसेच खोळंबले होते. आणि मास्तरांनी बाहेर सांगून टाकलं होतं, "बुवांचं अजून ठरलेलं नाही." स्वतःच्या मनानं!

मला असा संताप आला होता, काय सांगू!

"ठरलं नाही, असं मी कधी म्हणालो?" बुवांनी विचारलं.

"तुमचं वय झालंय. काही कमीजास्त झालं तर..."

"खरं काय ते सांग."

मास्तर बुवांच्या जवळ सरकले.

"नात चार वर्षांची आहे, बुवा. टोचली आणि काही झालं तर? नाही टोचली आणि ताप आला तर? तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही."

बुवा उठले, ओसरीवर आले, नर्सबाईंसमोर बसून बाही वर केली.

हात लटलटत होता. तो म्हातारपणाचा कंप नव्हता. मी रोज त्यांना वाढते, मला ठाऊक आहे. बुवा भ्यायले होते.

अंगणात कुजबुज सुरू झाली. मास्तर लगबगीनं पुढे झाले आणि खांद्यावरची शाल काढून बुवांच्या हातावर टाकायला लागले.

"बुवा, लोक बघतायत..."

बुवांनी शाल बाजूला सारली.

"बघू दे. मला भीती वाटलीच नसती, तर 'बुवांचं काय, ते वेगळे' असंच म्हणाला असतास; नातीला माझ्या मागं उभं केलं असतंस का?"