खुर्चीखालचा धूर

तालुक्याच्या वाचनालयात वरच्या मजल्याला लाकडी फळ्यांची जमीन होती आणि खाली अन्सूबाईंचा शिवणवर्ग भरे. मशिनींची खडखड वर येते, म्हणून अध्यक्ष दादासाहेबांनी वर्गच हटवायचं ठरवलं. परदेशात शिकून आलेल्या सुजयने दोन दिवस वर बसून यंत्राने आवाज मोजला आणि अहवाल दिला, की वर्ग हलवणे हाच उपाय. गावाचं भलं केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

वरच भरलेल्या सभेत दादासाहेब गरजले, "बाई, आता तर शास्त्रानंच सांगितलंय!"

"जाऊ की आम्ही. पण आवाज वर येतो कुठून, तेवढं दाखवू द्या."

अन्सूबाईंनी खाली जाऊन, स्टुलावर चढून उदबत्त्यांचा जुडगा छताशी धरला. वर धूर निघाला तो दादासाहेबांच्या खुर्चीभोवती. कुणी सरकवू नये म्हणून ते ती जमिनीला बोल्टने आवळून घेत आणि ऊन-वारा पाहून दर मोसमात तिची जागा बदलत. जुनी भोकं तशीच उघडी राहिली होती.

अन्सूबाई वर आल्या. "दादासाहेब, आवाज आमचाच. पण वाट तुमच्या खुर्चीनं करून दिली. मग हलवायचं काय, वर्ग की खुर्ची?"

सभा हसली. सुजय हसला नाही. आवाज मोजताना तो एकदाही खाली वर्गात डोकावला नव्हता.

अन्सूबाईंनी त्याच्यापुढे भुसा आणि सरसाची वाटी ठेवली. "बस बाळा, बुजव."

तो मान खाली घालून गुडघ्यांवर बसला. शेवटचं भोक बुजवण्याआधी त्याने त्यातून खाली पाहिलं. मशिनींवर नऊ बायका होत्या. त्याच्या अहवालात त्यांतली एकही नव्हती.