कपाटामागची काड्यापेटी

एक होतं घर.
घराला होती चाकं.
पुढे ट्रॅक्टर, मागे घर.
जिथे जत्रा, तिथे घर.

घरात राहायचे नामाकाका आणि हौसाकाकू. त्यांचा होता लाकडी घोड्यांचा पाळणा. जत्रेतली मुलं घोड्यांवर बसायची. गोल गोल फिरायची.

घरात आणखी कोण राहायचं?
पिटुकली उंदरीण. आणि तिचं पिल्लू.
पिल्लू केवढं? शेंगदाण्याएवढं.
ते झोपायचं काड्यापेटीत.

घर निघायच्या आधी काकू विचारायच्या, "आवळलं का?"
काका प्रत्येक वस्तूला दोरी बांधायचे. घट्ट घट्ट. मग म्हणायचे, "आवळलं!"
मगच ट्रॅक्टर निघायचा. धडधड धडधड.

एकदा काका घाईत होते.
काकूंनी विचारलं, "आवळलं का?"
काका म्हणाले, "आवळलं!"
पण कपाट आवळायचं राहिलं होतं.

रस्त्यात आला खड्डा. धडाम!
कपाट हललं. कपाटावरची काड्यापेटी घसरली. सुर्रर्र!
गेली कपाटाच्या मागे. आत पिल्लू!

जत्रेचं मैदान आलं. ट्रॅक्टर घरापासून सुटला. घर एका अंगाला कललं आणि डुलायला लागलं. डुगु डुगु, डुगु डुगु.
कपाट भिंतीला टेकलं. फट उरली एवढीशी. पिटुकलीचं नुसतं नाक आत गेलं.
आतून आवाज आला, "चूं!"
"आले हं बाळा," पिटुकली म्हणाली. "आत्ता काढते तुला."

"कपाटा कपाटा, सरक ना! पिल्लू निघेना!"
कपाट म्हणालं, "मी नाही सरकणार. घर कललंय. जरा हललं की मी धाडकन पडेन. आधी घराला सरळ होऊ दे."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"घरा घरा, सरळ हो ना!
कपाट सरकेना,
पिल्लू निघेना!"
घर म्हणालं, "मी नाही सरळ होणार. मला टेकू देणारा लोखंडी पाय अजून वरच आहे. आधी पायाला टेकू दे."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पाया पाया, टेक ना!
घर सरळ होईना,
कपाट सरकेना,
पिल्लू निघेना!"
पाय म्हणाला, "मी नाही टेकणार. खाली माती भुसभुशीत. मी गुडघ्यापर्यंत रुतेन. आधी फळीला माझ्याखाली येऊ दे."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"फळी फळी, जा ना!
पाय टेकेना,
घर सरळ होईना,
कपाट सरकेना,
पिल्लू निघेना!"
फळी म्हणाली, "मी नाही जाणार. चाक बघ कसं हलतंय! माझं नाक चेंगरेल. आधी चाकाला थांबू दे."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"चाका चाका, थांब ना!
फळी जाईना,
पाय टेकेना,
घर सरळ होईना,
कपाट सरकेना,
पिल्लू निघेना!"
चाक म्हणालं, "मी नाही थांबणार. इथे उतार आहे. मी आपलं पुढे मागे, पुढे मागे. आधी काकांना दगड लावू दे."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
काका ट्रॅक्टरजवळ बसले होते. पाय पसरून. डोळे मिटून.
"काका काका, दगड लावा ना!
चाक थांबेना,
फळी जाईना,
पाय टेकेना,
घर सरळ होईना,
कपाट सरकेना,
पिल्लू निघेना!"
काका म्हणाले, "मी नाही उठणार. ट्रॅक्टर चालवून माझे हात थरथरतायत. आत्ता दगड उचलला, तर माझ्याच पायावर पडेल. आधी काकूला चहा करू दे."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले, तरी तुरुतुरु.
"काकू काकू, चहा करा ना!
काका उठेनात,
चाक थांबेना,
फळी जाईना,
पाय टेकेना,
घर सरळ होईना,
कपाट सरकेना,
पिल्लू निघेना!"
काकू म्हणाल्या, "मी नाही करणार. करू कुठे? शेगडी घसरतेय, पातेलं घसरतंय, मीसुद्धा घसरतेय! आधी घराला सरळ होऊ दे."

घराला?
पण घराकडे तर पिटुकली जाऊन आली होती!

आता कुणाकडे जायचं?
पिटुकली कपाटापाशी गेली. फटीला कान लावला.
आतून आवाज येईना.
चूं नाही. चां नाही.
पिटुकलीच्या मिशा थरथरल्या. डोळ्यांत पाणी आलं.
तिने दारातून खाली पाहिलं.
खाली होती जमीन.
जमीन काही डुलत नव्हती.

पिटुकलीने टुणकन उडी मारली. एक काटकी धरली. तिच्यापेक्षा मोठी! ओढली. खरर्र खरर्र. तीन दगड पडले होते, त्यांच्यामध्ये नेऊन ठेवली.
"काकू काकू, इथे चूल मांडा ना!"

काकूंनी बाहेर डोकावलं.
"अगंबाई! खरंच की! जमीन थोडीच डुलतेय!"

मग काय?

काकूंनी चूल पेटवली. फूऽऽ फूऽऽ.
चहा उकळला. खदखद खदखद.
काका चहा प्याले. फुर्रर्र!
काका उठले. दगड लावला. धप्प!
चाक थांबलं.
फळी गेली.
काकांनी पायाचं हँडल फिरवलं. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.
पाय टेकला.
घर सरळ झालं.

काकूंनी घरात खाली वाटी ठेवली. वाटीत काठोकाठ पाणी. सगळे बघत राहिले.
पाणी सांडलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

"कपाटा कपाटा, आता सरक ना!"
काकांनी हात लावला. हैय्या!
कपाट सरकलं.

मागे होती काड्यापेटी.
पिटुकली धावली. पेटी उघडली.
आत पिल्लू!
पिल्लू झोपलं होतं. पोट वर, पंजा तोंडात. घुर्र घुर्र.
पिटुकलीने त्याचं नाक चाटलं. पोट चाटलं. शेपूट चाटलं.
पिल्लू म्हणालं, "चूं?"
पिटुकली म्हणाली, "हुश्श!"

काकूंनी काकांकडे पाहिलं.
"काय हो? 'आवळलं' कोण म्हणालं होतं?"
काकांनी डोकं खाजवलं. "कपाट राहिलं खरं. आता नाही विसरणार."

जत्रा झाली. घोडे गोल गोल फिरले. मुलं हसून हसून घरी गेली.
घर पुन्हा निघालं दुसऱ्या गावाला.

काकूंनी विचारलं, "कपाट आवळलं का?"
काकांनी दोरी ओढून पाहिली. "आवळलं!"
"खुर्ची आवळली का?"
"आवळली!"
"शेगडी आवळली का?"
"आवळली!"
ट्रॅक्टर धडधडला. निघणार, एवढ्यात...
"चूं!"

काका थांबले. खाली उतरले. काकूंच्या डब्यातून लाल दोरा काढला. काड्यापेटीला गुंडाळला. एक वेढा, आणखी एक वेढा. श्वास घ्यायला जागा ठेवली. खिडकीपाशी खिळ्याला गाठ मारली.
"आवळली गं बाई, तुझीही आवळली!"

मग पुढे ट्रॅक्टर, मागे घर. धडधड धडधड.
रस्त्यात आला खड्डा. धडाम!
कपाट हललं नाही.
खुर्ची हलली नाही.
शेगडी हलली नाही.
लाल दोऱ्यातली काड्यापेटी जराशी झुलली.
आणि आत पिल्लू झोपलं.
घुर्र... घुर्र... घुर्र.