जागच्या जागी बढती

एका महामंडळात उंडेसाहेब म्हणून मोठं प्रस्थ होतं. वशिला असा दांडगा, की उपसंचालकाचे संचालक झाले तरी गाव, केबिन, खुर्ची, काही म्हणता काही हललं नाही.

त्यांनीच फर्मान काढलं, "सर्व्हरवर नवी सिस्टीम जुनीच्याच डोक्यावर चढवा. पुसापुशी नको!" जुने ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे जुने प्रोग्राम, आत राहिले तर घोळ होईल, असं संगणक विभागाच्या खडतकरबाईंनी बजावलं, तर साहेब हसले. मग सर्व्हर आठवड्यात चारदा कोसळला आणि साहेबांनी भर बैठकीत बाईंच्या बदलीचा कागद पुढ्यात ओढला.

"बाई, सर्व्हर कोसळण्याचं कारण एका वाक्यात सांगा. तांत्रिक शब्द आला, की सही झालीच म्हणून समजा!"

बाईंनी सावकाश चष्मा पुसला. "साहेब, त्याला जागच्या जागी बढती मिळालीय, हुद्दा नवा, पण खोडी जुन्याच, म्हणून झेपत नाही."

लेखाधिकाऱ्यांच्या नाकातून चहा आला. साहेबांचं पेन थबकलं. आता सही केली, तर टोला आपल्यालाच बसला, हे शिक्क्यानिशी कबूल होणार!

"तुम्ही... सर्व्हरबद्दलच बोलताय ना?"

"अर्थात, साहेब. दुसरं कोण कोसळलंय?"

साहेबांनी बदलीचा कागद फाडला आणि सर्व्हर पुसून कोरा करायच्या आदेशावर सही केली.